योजनेत बसणारा खुबा

१९ जून २०२५, गुरुवार

दहावीनंतर मी सही सोडून फारसं काही लिहिलेलं नाही. शाळेत खिचडी शिजवते, तिथं फळ्यावर आज किती पोरं जेवली तेवढा आकडा लिहिते. पण आज बारामतीच्या दवाखान्यात योजनेच्या खिडकीत बसणाऱ्या कौसल्या मॅडम म्हणाल्या, "रेश्माताई, कुठं गेलात, कोण काय म्हणालं, सगळं तारखेसकट लिहून ठेवा. तोंडी बोललेलं कुणी मान्य करत नाही." म्हणून येताना स्टँडवर ही वही घेतली.

तर आधीचं सगळं आधी. आमचे हे, भानुदास, वय एक्कावन्न. निमगाव केतकीला विजयसिंह तात्यांच्या पानमळ्यात कामाला आहेत. शिडीवर चढून पानं खुडायची, वेल बांधायचे. वर्षभर डावा पाय ओढत होते. मे महिन्यात शिडीवरून उतरताना पाय टेकेना. इंदापुरात फोटो काढला, मग मोठ्या मशिनीत घातलं. डाव्या खुब्यातल्या हाडाच्या गोळ्याचं रक्त बंद झालंय. गोळा सुकलाय. सांधा बदलायचा, दुसरा उपाय नाही.

फुकट ऑपरेशनच्या सरकारी योजनेचं कार्ड आमच्याकडं आहे. मी कौतुकानं प्लॅस्टिक चढवून ठेवलेलं. पहिल्या दवाखान्यात म्हणाले, योजना आहे, पण हाडाची नाही. दुसऱ्यात म्हणाले, हाडाची आहे, पण फक्त मोडल्यावर, बदलायची नाही. मी म्हटलं, मग मोडून आणू का? खिडकीतली बाई हसली नाही. आजचा तिसरा. इथं हाडाचे डॉक्टर आहेत पण ते योजनेतली माणसं घेत नाहीत. तपासलं मात्र त्यांनीच, आणि नीट तपासलं.

तपासताना विचारलं, "दारू?"

हे म्हणाले, "पंचशील घेतलंय सायेब. थेंब न्हाय."

"दुखण्यावर बाजारातल्या पुड्या, काळ्या गोळ्या, असलं काही? त्यात स्टेरॉईड मिसळलेलं असतं. वर्षानुवर्षं घेतलं की त्यानं असे गोळे सुकतात."

"न्हाय. कसलंच न्हाय," हे एकदम म्हणाले.

मी त्यांच्याकडं बघितलं. ते कोपऱ्यातल्या सांगाड्याकडं बघत होते. मला वाटतं त्यांना प्रश्न नीट कळला नाही. मला कळला.

२३ जून, सोमवार

चार दिवस लिहावं की नाही ते ठरत नव्हतं. पण वही माझी आहे.

पुड्या मी आणते. चार वर्षं झाली. ह्यांची कंबर आणि गुडघे धरले होते, सकाळी उठवत नव्हतं. इंदापूरच्या बाजारात एक माणूस गाडीवर डबे मांडून बसतो, झाडपाल्याचं औषध म्हणून देतो. मला शाळेतल्या एका बाईनं सांगितलं. पहिल्या पुडीला दुसऱ्या दिवशी हे शिडी चढले. मला इतका आनंद झाला की मी त्या माणसाला पुढच्या बाजारी घरच्या शेंगा नेऊन दिल्या. मग दर बाजाराला पुड्या. सकाळी चहाबरोबर एक. कधी हे विसरले तर मीच हातात द्यायची.

आज मधल्या सुट्टीत दिशा मॅडमना विचारलं. त्या विज्ञान शिकवतात. मी म्हटलं, शेजारच्यांचं आहे. त्यांनी मोबाईलवर वाचून दाखवलं. डॉक्टर म्हणाले तेच होतं सगळं. पुढचं मी ऐकलं नाही. खिचडी खाली लागली, पोरांनी तशीच खाल्ली बिचाऱ्यांनी.

ह्यांना सांगायला पाहिजे. कसं सांगू?

२६ जून, गुरुवार

ठरवलं, आधी उरलेल्या पुड्या फेकायच्या आणि मग बोलायचं. फळीवरचा डबा उघडला तर रिकामा. चौदा पुड्या होत्या, मी मोजल्या होत्या. सासूबाईंना विचारलं, "आत्या, तुमी गुडघ्याला घेतल्या का?"

"मी कशाला खाऊ ती माती?" केसरबाई म्हणजे केसरबाई.

म्हणजे हेच दोन-दोन, तीन-तीन खाताहेत. दुखणं वाढलंय हे दिसतंय मला. आता रात्री कूस बदलताना ओठ चावतात. त्या दुखण्यापायी चोरून खात असतील. आता मी बोलले तर म्हणतील, तूच सवय लावलीस. आणि खरंच लावली.

दुपारी पाणी घेऊन घरात येत होते, तेव्हा हे आत्यांना म्हणत होते, "तिला ह्यातलं काय बोलायचं न्हाय. कळलं का आये?" मला बघून पाणी मागितलं. मळ्यातलं काही असेल. तात्यांनी शिडीवर दुसरा माणूस घेतलाय म्हणे. ते मला लागेल म्हणून लपवत असतील.

कौसल्या मॅडमनी पाच दवाखान्यांची नावं पाठवली. तीन ठिकाणी फोन लावला. एक लागला नाही, दोन नाही म्हणाले.

२ जुलै, बुधवार

डॉक्टर मिळाल्या! म्हणजे मिळाल्या आणि नाही मिळाल्या.

यादीतला चौथा दवाखाना. बारामतीतच, एमआयडीसीच्या रस्त्याला. फोनवर मुलगी म्हणाली, "हो, खुबा बदलायचा योजनेत बसतो. रश्मी मॅडम करतात." मी तिला तीनदा विचारलं. तीनदा हो म्हणाली. मग म्हणाली, "पण मॅडम बाळंतपणाच्या रजेवर आहेत. चार ऑगस्टला येतील."

हाडाची डॉक्टर बाई! आमच्या शेजारचे सोपानराव म्हणाले, "भानुदास, आरं हाड बसवायचं म्हंजी सुताराचं काम. हातोडी मारावी लागती. बाईमाणसाला जमंल का?"

हे म्हणाले, "सोपान, तुझ्या घराच्या भिताडाला खिळा कोण ठोकतं? वैनीच ना?"

किती दिवसांनी घरात हसू आलं. पाचव्या दवाखान्याला फोन लावलाच नाही. चार ऑगस्ट. महिनाभर काढू.

१५ जुलै, मंगळवार

ह्यांची तब्येत बरी नाही. खुब्याचं वेगळं, हे वेगळं. अन्नाकडं बघवत नाही. दोनदा उलटी झाली. बसल्या जागी थकतात, उठलं की अंधारी येते. तोंड बारीक झालंय. गावातल्या डॉक्टरनी पित्ताच्या गोळ्या दिल्या. पुड्या जास्त झाल्यानं असेल का? रोज ठरवते, आज विचारायचं. रोज भाकरी थापून होते, जेवण होतं, आणि विचारायचं राहतं. मी भित्री आहे हे मला आता कळतंय. इतके दिवस स्वतःला धीट समजत होते.

आमच्या लेकीचा, मोनाचा, फोन येतो रोज. ती लोणी देवकरला कंपनीत आहे, नवं लग्न, सासर तिथंच. तिला म्हटलं, पप्पा बरे आहेत.

२१ जुलै, सोमवार

आजचं आजच लिहिते. दवाखान्यातून लिहितेय.

कालपासून ह्यांना ताप होता. सकाळी शाळेला निघाले तर मोरीपाशी धाडकन आवाज. हे खाली पडलेले, अंग गार, घामानं चिंब. हाक मारली तर डोळे उघडले, पण ओळख नाही. आत्या रडायला लागल्या. सोपानराव धावत आले, त्यांनी उचलून बाजेवर ठेवलं.

मी कौसल्या मॅडमना फोन लावला. दुसरं कोण आठवलंच नाही. त्या म्हणाल्या, "थांबा, ठेवू नका," आणि त्यांनी कुठूनशी रश्मी मॅडमशी गाठ घालून दिली. रजेवर असलेल्या बाईला! पलीकडं लहान बाळ रडत होतं. त्या म्हणाल्या, "बोला. मी ऐकतेय."

मी पडलेलं, उलट्या, ताप सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "कुठलं औषध सुरू होतं का? काहीही. देशी, बाजारातलं?"

बाजेभोवती सगळे उभे होते. आत्या, सोपानराव, त्यांची बायको. मी म्हटलं, "व्हय. पुड्या. चार वर्षं. मी आणून देत होते."

पलीकडं बाळ थांबलं होतं. मॅडमचा आवाज तसाच. "बरं झालं सांगितलंत. बंद कधी केल्या?"

"बंद न्हाय मॅडम. उलट जास्तच खात्यात."

"त्यांना विचारा."

मी ह्यांच्या तोंडाशी वाकले. "आवं, पुड्या कुठंयत? किती खाल्ल्या?"

डोळे परत मिटलेले होते. बारीक आवाजात म्हणाले, "त्याच दिशी... पाटाच्या पाण्यात सोडल्या. बारामतीस्नं आलो त्या दिशी."

मी फोनवर सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "त्यांच्या शरीराला त्या पुडीतल्या स्टेरॉईडची सवय झालीय. एकदम थांबवलं की असं होतं. आत्ताच्या आत्ता निघा. आमच्या दवाखान्यात मी फोन करून ठेवते. पोचल्याबरोबर सुई मिळेल. ताई, रडू नका, गाडी बघा."

तात्यांची गाडी आली. तात्या स्वतः चालवत होते. निमगाव ते बारामती मी ह्यांचं डोकं मांडीवर धरून बसले होते. दवाखान्यात खरंच दारातच स्ट्रेचर घेऊन उभे होते. सुई, सलाईन. दुपारी चार वाजता ह्यांनी विचारलं, "रेश्मे, खिचडी कोण शिजवतंय आज?"

२४ जुलै, गुरुवार

तब्येत सुधारतेय. आता त्याच स्टेरॉईडच्या गोळ्या, पण मोजून, आणि हळूहळू कमी करत जायचं.

आज वॉर्डात बाकीचे झोपले होते तेव्हा बोलले. "माझ्यामुळं झालं हे. गोळा सुकला तो बी आणि हे बी."

हे छताच्या पंख्याकडं बघत म्हणाले, "चार वरीस शिडी चढलो ना? मोनाचं शिक्षाण त्याच शिडीवर झालं. पुडी नसती तर तवाच बसलो असतो घरी. तुला काय ठावं व्हतं त्यात काय हाय? तुला न्हाय, मला न्हाय."

"मग डॉक्टरनी विचारलं तवा न्हाय का म्हणलात?"

"ध्यानात न्हाय राहिलं."

"आणि पाण्यात का सोडल्या? मला सांगायचं तरी."

"चव उतरली व्हती. कडू लागायच्या."

चार वर्षं रोज चहाबरोबर खाल्लेली वस्तू माणूस विसरतो? दुखण्यानं डोकं जागेवर राहत नाही म्हणतात, तसंच काही असेल. आणि त्या पुड्या पहिल्यापासून कडूच होत्या, मी एकदा जिभेला लावून बघितली होती. जाऊ दे. आता हे बोलतात, चहा मागतात, एवढं पुष्कळ.

८ ऑगस्ट, शुक्रवार

रश्मी मॅडमना समोरून बघितलं. माझ्या खांद्याएवढ्या उंच. पण हात मोठे. ह्यांचा पाय असा उचलून फिरवला की जसं काय वेल तपासतायत.

मी घाबरत विचारलं, "मॅडम, पुड्यांचं कागदावर लिहिलं तर योजना नाकारतील का?"

"नाही. लपवलं असतंत तर मात्र टेबलावर भूल देताना जीव गेला असता. आता भूल देणारे डॉक्टर आधीच तयारी ठेवतील." मग ह्यांच्याकडं वळून, "भानुदासराव, आधीच्या डॉक्टरांनी विचारल्यावर तुम्ही नाही म्हणाला होतात म्हणे?"

"चुकलं मॅडम."

मॅडमनी ह्यांच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग परत ह्यांच्याकडं. आणि गालात हसल्या. मला कळलं नाही यात हसण्यासारखं काय होतं.

सप्टेंबरच्या मध्यावर ऑपरेशन. तोवर गोळ्या कमी होतील. कौसल्या मॅडमना फोनवर सांगितलं तर त्यांना माझ्यापेक्षा जास्त आनंद.

१२ ऑगस्ट, मंगळवार

मंजुरी परत आली. कारण वाचून मला हसावं की रडावं कळेना. रेशनकार्डाच्या ऑनलाईन नोंदीत लिहिलंय, भानुदास, स्त्री, वय ५१. आधार कार्डावर पुरुष. दोन्ही जुळत नाही म्हणून नाकारलं.

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "आयला, आधी कळलं असतं तर बहिणींचा हप्ता तरी उचलला असता." आत्या तोंडाला पदर लावून हसत होत्या.

इंदापूरच्या कचेरीत गेले. साहेबांनी कागद बघितला, चष्मा वर केला. "नवरा तुमचाच ना?" "व्हय साहेब." "पुरुष आहे?" मी म्हटलं, "एक लेक हाय आमाला." रांगेतली सगळी माणसं हसली, साहेबही हसले. पंधरा दिवस लागतील म्हणाले, पण अर्ज त्यांनी माझ्यासमोरच पुढं पाठवला.

२ सप्टेंबर, मंगळवार

शाळेत फोनवर मेसेज आला. मी उघडला नाही. दिशा मॅडमच्या हातात दिला. त्यांनी वाचला आणि वर्गातल्या पोरांना टाळ्या वाजवायला सांगितल्या. पोरांना काय ठाऊक कशाच्या टाळ्या, पण त्यांनी छप्पर उडवलं.

मंजूर.

१७ सप्टेंबर, बुधवार

सकाळी साडेनऊला आत नेलं. आत जाताना ह्यांनी मला सांगितलं, "शिडीच्या खालच्या दोन पायऱ्या ढिल्या हायत, तात्यास्नी सांग, नवा माणूस पडंल." माणसाला काय सुचतं बघा.

मी, मोना आणि सोपानराव बाहेर. आतून खरंच ठक ठक आवाज येत होता. सोपानराव कान देऊन ऐकत होते. म्हणाले, "हात बसलाय हां बाईचा. एका लयीत पडतोय." ते सुतार आहेत, त्यांना कळत असेल.

बारा वाजून गेले तेव्हा मॅडम बाहेर आल्या. टोपीखाली कपाळ घामानं भिजलेलं. "झालं. छान बसलाय सांधा. भूलही सुरळीत गेली." मला त्यांच्या पाया पडायचं होतं. त्यांनी मला धरूनच ठेवलं, म्हणाल्या, "पाया पडू नका. पाणी प्या. सकाळपासून प्यायला नाहीत." खरंच नव्हते प्याले.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

उभे केले. वॉकर धरून चार पावलं. व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "दुखतंय का?"

हे म्हणाले, "दुखतंय. पण ह्ये दुखणं निराळं हाय. ह्ये जाणारं हाय."

२८ सप्टेंबर, रविवार

आज इंदापूरचा बाजार. हे घरी आल्यापासून मी पहिल्यांदाच बाहेर पडले. पिशवीत ह्यांचा जुना फोटो घेतला, सुकलेल्या गोळ्याचा.

तो माणूस तिथंच. तेच डबे, तोच हसरा चेहरा. मला ओळखलं. "ताई, लई दिवसांनी! मालक कसे हायत?" गाडीसमोर सात-आठ बायका होत्या.

रात्रभर जे जे बोलायचं ठरवलं होतं, त्यातलं एक वाक्य आठवलं नाही. मी फोटो काढून उन्हाकडं धरला. "हे माझ्या नवऱ्याचं हाड. ह्या माणसाकडची पुडी चार वर्षं मी माझ्या हातानं दिली. ज्या घेत असतील त्यांनी एकदम बंद करू नका, जीव जातो. आधी मोठ्या दवाखान्यात दाखवा. पण नव्यानं कुणी घेऊ नका."

तो चिडला, धंद्याच्या वेळी तमाशा कशाला म्हणाला. मी ओरडले नाही. रश्मी मॅडमनी तपासणीला पाठवायला एक पुडी मागितली होती, ती मी पैसे देऊन त्याच्याकडूनच विकत घेतली. तेव्हा मात्र त्याचं तोंड उतरलं.

तीन बायका निघून गेल्या. एकीनं दवाखान्याचं नाव लिहून घेतलं. एका म्हातारीनं माझ्यादेखत दोन पुड्या घेतल्या आणि म्हणाली, "बाई, तुझं खरं असंल. पण मला उद्या खुरपायला जायचंय." तिला काय सांगणार? मी पण तशीच होते. तिचं गाव तेवढं विचारून घेतलं, वडापुरी. एकदा जाऊन येईन.

१० नोव्हेंबर, सोमवार

बरेच दिवस वही उघडली नाही. लिहिण्यासारखं वाईट काही घडत नव्हतं.

आठ दिवसांपासून हे काठीवर आलेत. तात्यांनी सांगितलंय, शिडी विसर, आता खाली खुर्चीवर बसून पानं निवडायची, त्यांच्या कवळ्या, म्हणजे जुड्या, बांधायच्या. ह्यांना आधी ते कमीपणाचं वाटत होतं. आता म्हणतात, वरून पान दिसतं तसं खाली दिसत नाही, नव्यानं शिकायला लागणार.

आज शाळेतून आले तर हे बाजेवर नाहीत. मोरीत नाहीत. मागं नाहीत. आत्या झोपलेल्या. काठी कोपऱ्यात तशीच उभी. चपला न घालता पळत सुटले.

सोपानरावांच्या अंगणात बसले होते. हातात चहाची बशी. शंभर पावलं तरी असतील आमच्या दारापासून. काठीशिवाय.

माझ्या तोंडाला जे येईल ते बोलले. कुणाला विचारून आलात, खुर्ची बुटकी तर नाही, वाकून बसलात का, निसटला सांधा तर त्या मॅडमना काय तोंड दाखवू. गल्लीतली माणसं बाहेर आली. सोपानरावांची बायको म्हणाली, "आगं, श्वास तरी घे." हे बशी संपवेपर्यंत बोलू देत राहिले. मग बशी ठेवली, खुर्चीच्या दांड्यांवर हात टेकून नीट, शिकवल्यासारखं उठले आणि म्हणाले, "झालं का? चल घरी."

निघाले. मी आधार द्यायला हात पुढं केला तर तिथं ते नव्हतेच. दोन पावलं पुढं गेले होते. मग चार. थोडं लंगडतात अजून, पण थांबत नव्हते. मला मागून हाक मारायची होती, पण दम लागला होता, आणि पायात चपला नव्हत्या, त्यामुळं खडे टोचत होते.

"आवं, जरा हळू," म्हटलं मी.

वर्षभरात हे वाक्य मी ह्यांना पहिल्यांदा बोलले.